अळीमामांच्या चौदा बरण्या

अळीमामा जाळीघरात शिरले की आधी श्वास हळू करायचे. दाराशी चपला काढायच्या, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, हात अंगाशी धरायचे आणि टोमॅटोच्या कुंड्यांच्या दोन ओळींमधून असं चालायचं की एकाही पानाला कापड लागू नये. मी पहिल्यांदा त्यांच्या मागून आत गेले तेव्हा माझी ओढणी एका फांदीत अडकली. मी ती ओढून काढली. मामा थांबले, मागे वळले आणि दवाखान्यात बोलावं तसं खालच्या आवाजात म्हणाले, "हळू, ताई. जागी होतील."

"कोण?"

ते पुढे चालायला लागले. भर दुपार होती. आत आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. तरीही मी मान वळवून मागे पाहिलं.

नाशिकच्या एका कॉलेजात मी तेव्हा प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. मामा तिथले प्रयोगशाळा परिचर. मूळचे सुरगाण्याकडचे, घर-शेती आणि बायको तिकडे, आणि स्वतः कॉलेजच्या मागच्या बाजूला एका खोलीत एकटे राहायचे. अंगाने काटकुळे, चालताना पावलांचा आवाज नाही, अंगाला कायम चिरडलेल्या पानांचा वास. अळ्या वाढवण्याचं काम त्यांच्याकडे होतं म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अळीमामा म्हणायचे. त्यांचं खरं नाव काय, हे मला दीड वर्षात एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आता मामा नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, तर आधी हे कबूल केलेलं बरं.

त्यांची एक सवय नवीन मुलांना किळसवाणी वाटायची. अळ्यांना घालायचं प्रत्येक पान ते आधी स्वतः चाखायचे. पानाच्या टोकाचा तांदळाएवढा तुकडा तोडायचा, पुढच्या दातांनी चावायचा, डोळे मिटायचे, मग थुंकायचा. "हे झोपलंय. घ्या," म्हणायचे. किंवा, "हे जागं हाय. राहू द्या." त्यांची जीभ कायम हिरवट-काळी दिसायची. एकदा माझ्या मार्गदर्शक सरांनी गंमत म्हणून कागदाच्या पुड्यांत पानं बांधून त्यांची परीक्षा घेतली. काही पानं अळ्यांनी कुरतडलेल्या झाडाची, काही न कुरतडलेल्या झाडाची, दिसायला सगळी सारखीच. मामा एकाही पुडीत चुकले नाहीत. हसत हसत सुरुवात केलेले सर अर्धा चहा टेबलावर तसाच ठेवून निघून गेले.

सरांनी मला जे फळ्यावर शिकवलं ते असं: अळी पान खायला लागली की टोमॅटोचं झाड गप्प बसत नाही; मामांच्या भाषेत, जागं होतं. ते सगळ्या पानांत, अगदी दूरच्या कोवळ्या पानांतसुद्धा, एक पदार्थ तयार करतं. त्या पदार्थाने अळीच्या पोटातले पाचकरस काम करेनासे होतात. अळी मरत नाही. तिला भूक लागते, ती खाते, पोट गच्च भरतं, पण खाल्लेलं पचतच नाही. म्हणून ती आणखी खाते. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मामांनी तेच एका वाक्यात सांगितलं होतं. "पोट भरतं, ताई. अंगाला लागत नाय."

अळ्यांची खोली गॅलरीच्या टोकाला होती. खिडक्यांना काळं कापड, आत ओळीने प्लास्टिकचे डबे, झाकणाच्या जागी मलमल. एका बाजूला एरंडाच्या पानांवरच्या अळ्या. त्यांचा खाण्याचा आवाज दारातून ऐकू यायचा, शेजारच्या खोलीत कुणी सावकाश कागद फाडत बसल्यासारखा. दुसऱ्या बाजूला जाग्या टोमॅटोवरच्या अळ्या. त्याच दिवशी, त्याच अंड्यांच्या पुंजक्यातून निघालेल्या सख्ख्या बहिणी. एरंडावरच्या करंगळीएवढ्या झाल्या तरी या अजून दोऱ्याएवढ्याच. रोज सकाळी मी त्यांना काट्यावर ठेवायची आणि रोज तोच आकडा लिहायची. त्या बाजूला आवाज नसायचा. पान सोडून त्या डब्याच्या भिंतीवर चढायच्या, मागच्या पायांवर उभ्या राहायच्या आणि अर्धं अंग हवेत उचलून डोकी इकडून तिकडे हलवत राहायच्या. सगळ्या एकदम. मला ते बघवायचं नाही. मामा मात्र त्याच डब्यांपुढे स्टूल घेऊन बसायचे.

एका सकाळी मी डबा उघडला तर वीस अळ्यांच्या बाराच भरल्या. मलमल शाबूत होती, दोरा घट्ट होता. मी मामांना हाक मारली. त्यांनी डबा पांढऱ्या कागदावर रिकामा केला आणि ब्रशने कचऱ्यातून मोहरीसारखे काळे दाणे एकेक करून बाजूला काढले. आठ.

"ही डोकी," ते म्हणाले. "डोकं कडक असतं. तेवढं टाकून देतात."

"कोण?"

"ह्याच. दुसऱ्या कोण येणार आत?" त्यांनी उरलेल्या बारा जणींकडे बोट केलं. त्या बारांतल्या तीन चांगल्या जाड झाल्या होत्या. "झाड मारत नाय, ताई. झाड नुसतं उपाशी ठेवतंय. बाकीचं ह्या आपसात करतात."

मी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

माझा प्रयोग साधा होता. जाळीघराच्या एका टोकाला अळ्या सोडून जागी केलेली झाडं, दुसऱ्या टोकाला एकही अळी न लागलेली कोरी झाडं, मध्ये प्लास्टिकचा पडदा. दोन्हीकडची पानं वेगवेगळ्या अळ्यांना घालायची आणि त्यांची वाढ मोजायची. कोऱ्या झाडांवरच्या अळ्या जोमाने वाढल्या पाहिजेत, नाहीतर तुलना करायला काहीच उरत नाही. त्या मे महिन्यात एका शनिवारी वाऱ्याने कोऱ्या झाडांच्या बाजूची सावलीची जाळी फाटली. झाडांनी माना टाकल्या. मला आतेबहिणीच्या हळदीला सिन्नरला जायचं होतं, बस गाठायची होती. मी कोऱ्या कुंड्या उचलून पडद्याच्या पलीकडे, सावलीत, जाग्या झाडांना खेटून ठेवल्या आणि निघून गेले. सोमवारी सकाळी लवकर येऊन सगळ्या कुंड्या परत जागेवर ठेवल्या. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंही नाही, एकही अळी इकडची तिकडे गेली नव्हती.

पण रविवारी झाडांना पाणी घालायला मामा आले होते. त्यांनी पाहिलं होतं. सोमवारी त्यांनी कोऱ्या झाडाचं पान चाखलं आणि तुकडा थुंकून हातातलं पान खाली ठेवलं.

"ताई, कोरी पण जागी झाल्यात."

"कशी होतील? त्यांना अळी लागलीये का?"

"लागली नाय. पण ह्यांना कळलंय. त्यांच्याजवळ होती ना दोन दिस." त्यांनी पडद्यापलीकडे मान वळवली. "वासानं कळतं."

मला घाई होती आणि थोडी भीतीही वाटली. मी म्हणाले, "मामा, तुम्ही फक्त पानं द्या." त्यांनी पानं दिली.

दहा दिवसांनी कोऱ्या झाडांवरच्या अळ्यासुद्धा दोऱ्याएवढ्याच होत्या. डब्याच्या भिंतींवर चढून डोकी हलवत होत्या. वर्षभराचं काम वाया गेलं होतं. सरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. वजनांची वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"पानांची अदलाबदल झालेली दिसते," सर मला म्हणाले. "पानं कोण तोडतं?"

"मामा," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. फक्त तेवढंच खरं बोलले. मामा माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्याकडे वळून बघतील असं वाटलं, म्हणून मी टेबलावरच्या वहीकडे पाहत राहिले. ते काहीच बोलले नाहीत. पुडीतल्या पानात न चुकणारा माणूस डब्यात पान घालताना दहा दिवस कसा चुकेल, हे सरांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं.

आठवड्याने सूचनाफलकावर बदलीचा कागद लागला. 'श्री. काशिनाथ सोमा यांना प्रयोगशाळेतील निष्काळजीपणामुळे भांडार विभागात...' मी पुन्हा वरून वाचलं. हे काशिनाथ कोण, असा प्रश्न क्षणभर खरंच पडला होता.

अळ्यांच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. खोलीच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं, ते मामांखेरीज कधी कुणी उघडलं नव्हतं. मी उघडलं. आत, खालच्या फळीवर, लोणच्याच्या काचेच्या बरण्या एका ओळीत ठेवलेल्या होत्या. चौदा. प्रत्येकीत सुकत चाललेलं एरंडाचं पान आणि एक अळी. एकेकटी, बारीक, काचेला टेकून उभी. दार उघडल्यावर उजेड आत गेला तशा चौदाही जणींनी डोकी वर उचलली. मी दोन पावलं मागे सरकले. मग बरण्यांवरच्या चिठ्ठ्या दिसल्या. पेन्सिलीने, लहान मुलाच्या वळणाने लिहिलेल्या. चंद्री एक. चंद्री दोन. चंद्री तीन. चौदापर्यंत.

प्रयोग संपला की खुरटलेल्या अळ्या गरम पाण्यात टाकायच्या, अशी सूचना होती. ते काम मामांकडे होतं. त्यांनी त्या टाकल्याच नव्हत्या.

मी एक बरणी पिशवीत घालून भांडारात गेले. मामा मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामध्ये बसून खिळे काढत होते. बरणी पाहून त्यांनी हातोडी खाली ठेवली, बरणी दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली.

"पान बदललं नाय कुणी," ते म्हणाले. "ताई, शेंड्याचं कोवळं पान घाला. एरंडाचं. टमाट्याचं परत देऊ नका. हळूहळू धरतात अंग. समद्या नाय धरत."

"मामा, चंद्री कोण?"

त्यांनी बरणी माझ्या हातात परत दिली आणि हातोडी उचलली. वाटलं, सांगणार नाहीत. मग खिळा उपटता उपटता, माझ्याकडे न बघता, बोलायला लागले.

"माझी पोर. चार वर्साची होती, दिसायची दीड वर्साची. खायची, ताई. लोकं म्हणायची खायला देत नसतील. आमच्या ताटातलं उचलून खायची. नागलीची भाकर, भात, काय असंल ते. कुठं जायचं काय म्हाईत. अंगणवाडीत झोळीत घालून वजन करायचे, काटा हाय तिथंच. मग डाक्टर बोलला, आतड्याला कायतरी हाय, हिला अन्न लागत नाय, नाशिकला न्या." खिळा निघाला. त्यांनी तो डब्यात टाकला. "आणलं नाशिकला. मंग मी इथंच राहिलो. घरी जाववंना."

भांडारात पत्र्याखाली उकडत होतं. माझ्या हातातल्या बरणीत अळी डोकं वर करून उभी होती.

"शेवटी शेवटी अशीच बघायची," मामा म्हणाले. "मान वर करून. कुणी काय देतंय का म्हणून. पोट तर भरलेलं असायचं."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. सरांकडे जाते म्हणायला हवं होतं. मी बरणी पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "मी पान घालीन रोज." आणि घातलं. रोज सकाळी शेंड्याचं कोवळं पान, चौदा बरण्यांत. पाच जणी गेल्या. नऊंनी अंग धरलं, भुशात कोष केले आणि त्यातून नेहमीपेक्षा लहान, फिकट पतंग निघाले. ही बातमी द्यायला मी भांडारात गेले तेव्हा तिथे दुसराच माणूस खुर्च्या मोजत होता. मामांनी मुदतीआधीच निवृत्ती मागून घेतली होती आणि दोन दिवसांपूर्वी गावी गेले होते.

प्रयोग मी पुन्हा केला. या वेळी कुंड्या जागेवरून हलवल्या नाहीत. कोऱ्या झाडांवरच्या अळ्या टरारून वाढल्या, जाग्या झाडांवरच्या खुरटल्या, सगळं पुस्तकात असावं तसं. सर खूश झाले. वही मिटताना म्हणाले, "बघ, हाताखालचा माणूस बदलल्यावर किती फरक पडतो."

मी उभी होते ती खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. हळद, बस, फाटलेली जाळी, खेटून ठेवलेल्या कुंड्या, सोमवारी मामांनी दिलेला इशारा. सर आधी खूप चिडले. माझा प्रबंध थांबवेन म्हणाले. मग बोलता बोलता थांबले आणि खिडकीतून जाळीघराकडे पाहत राहिले. "म्हणजे नुसतं जवळ ठेवून?" त्यांनी विचारलं. "मधे काही नाही, फक्त हवा?" पुढचे चार महिने आम्ही तेच केलं. कोरी झाडं मुद्दाम जाग्या झाडांजवळ ठेवली, दूर ठेवली, मध्ये काच ठेवली. काच असली की कोरी झाडं झोपलेली राहायची. हवा मोकळी असली की कळायचं त्यांना. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण ते आहे. माझ्या लबाडीतून निघालेलं आणि मामांनी सोमवारीच तोंडी सांगितलेलं.

सरांनी कार्यालयाच्या मागे लागून निष्काळजीपणाचा शेरा रद्द करून घेतला. तो कागद घेऊन मी सुरगाण्याला निघाले. वणीमार्गे एसटी, पुढे जीप, आणि जीप सोडली तिथून पाऊण तास पायी. भाद्रपद सरत आला होता. वाट सागाच्या जंगलातून जात होती आणि त्या सगळ्या सागांची पानं अळ्यांनी खाल्लेली होती. नुसत्या शिरा उरलेल्या. डोक्यावर फांद्या होत्या पण सावली नव्हती, पानांच्या जाळीतून ऊन खाली पडत होतं. पक्षी नव्हते. तरी आवाज होता. वरून अळ्यांची विष्ठा वाळल्या पाचोळ्यावर टपटपत होती, केसांत, खांद्यांवर, माझ्या हातातल्या पाकिटावर. आणि त्यामागे तो कागद फाडल्याचा आवाज, पण एका खोलीएवढा नाही, अख्ख्या डोंगराएवढा. मधेच दहा-बारा झाडं हिरवीगार, एकाही पानाला भोक नाही. मी त्यांच्याजवळून जाताना ओढणी आवरून घेतली. तिथून पुढे मी जवळजवळ पळतच गेले.

मामा पडवीत खाटेवर पडले होते. फार वाळले होते. मला पाहून उठून बसले, खोकले, हसले. "ताई आल्या," आत पाहून म्हणाले. मामी बाहेर आली, तिने मला पाणी दिलं, चटई टाकली. त्यांना मात्र तिने पाणी विचारलं नाही. दोघांमध्ये काहीतरी आखडलेलं होतं. मामी बोलायची ती माझ्याशी, आणि त्यांच्याबद्दल बोलायची ती ते तिथे नसल्यासारखी.

"पुतण्या सांगत आला नाशिकवरनं," ती म्हणाली. "ह्यांनी कुणा पोरीचं वर्साचं काम नासवलं, म्हणून काढलं. हातात काम व्हतं तेवढं बी नीट केलं नाय. पोर गेली तवा मला एकटीला इथं टाकून गेला, म्हटलं तिकडं तरी नीट ऱ्हाईल." ती भिंतीकडे बघत होती. "वरीस झालं. लोकं इचारतात, मी काय सांगू?"

मी पाकीट उघडलं. कागद वाचून दाखवला. मग कागदात नव्हतं ते सांगितलं. "मामी, ती पोरगी मी. काम मी नासवलं. मामांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि सरांनी विचारलं तेव्हा मी फक्त मामांचं नाव सांगितलं."

मामीने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल याची मी तयारी करून आले होते. पण तिने तोंड फिरवलं आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच सरळ मामांकडे पाहिलं.

"मंग वरीसभर बोलला का नाय?"

मामांनी मान खाली घातली.

"सायबानं हिला इचारलं," ते म्हणाले. "हापिसानं कागद दिला. पुतण्यानं तुला सांगितलं. मला कुणी इचारलंच नाय."

मामीने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं, परत घेतलं.

"मी बी नाय," ती म्हणाली. आम्हाला ऐकू यावं म्हणून नाही, स्वतःशीच.

मग ती उठली, त्यांच्या खाटेवर, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "सांग आता."

मामांनी घसा साफ केला. शनिवारच्या वाऱ्यापासून सुरुवात केली. जाळी कशी फाटली, कुंड्या किती होत्या, रविवारी दार उघडल्यावर कसा वास आला. माझ्याशी दीड वर्षात बोलले नसतील एवढं ते बोलत होते आणि मामी मधे मधे विचारत होती, मग? मग काय केलंस? परतीची जीप चुकू नये म्हणून मी उठले. पडवीच्या पायरीवरून एकदा म्हणाले, "येते मामा." वाटेला लागताना पुन्हा म्हणाले, "येते." दोघांनाही ऐकू गेलं नाही.